एकोणिसाव्या पट्टीवरची चौथी ओळ

आमच्या दुकानात नावं उलटी वाचतात. शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे. सुलट वाचलं की डोळा लबाडी करतो, त्याला जे अपेक्षित असतं तेच त्याला दिसतं. उलट वाचलं की एकेक अक्षर झडतीला उभं राहिल्यासारखं पुढे येतं. एकाने गिऱ्हाइकाचा कागद धरायचा, दुसऱ्याने कोरायच्या यंत्रावर जुळवलेले अक्षरांचे साचे बघायचे, आणि कागदवाल्याने मोठ्याने वाचायचं. त्यानंतरच पितळेला पातं लावायचं, कारण पितळेवर खोडरबर चालत नाही.

हे वाचायचं काम गेल्या वर्षापासून शाळा सुटल्यावर मी करते. त्याआधी घरात मला 'म्याऊ' म्हणत. हजेरीला माझं "हजर" फक्त शेजारच्या मुलीला ऐकू जायचं, आणि बाईंनी मला दोनदा समोर बसलेली असताना गैरहजर लावलं होतं. मग आठवीच्या वादविवादात नेमका माझ्या पाळीला माइक बंद पडला. खाली उतरून गुपचूप बसण्याऐवजी मी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलले. माझ्या पोटात एवढा आवाज आहे हे मलाच माहीत नव्हतं. स्पर्धा हरले, पण त्या दिवसापासून आत्या मला 'भोंगा' म्हणते आणि मी खुशाल ओ देते.

दुकान कोरीव कामाचं. दारावरच्या पाट्या, शाळांचे चषक, दवाखान्यातल्या खोल्यांचे आकडे. पण गावात आम्हाला ओळखतात ते तबकडीमुळे.

तबकडी म्हणजे देशातल्या लोकप्रिय गाण्यांना दरवर्षी मिळणारा राष्ट्रीय पुरस्कार. त्याचं खरं नाव सात शब्दांचं आहे आणि ते फक्त मंत्री पूर्ण घेतात. पन्नास वर्षांपूर्वी रेडिओवाल्यांनी श्रोत्यांना विचारलं, यंदाचं तुमचं आवडतं गाणं कोणतं, पोस्टकार्डावर कळवा. इतकी कार्डं आली की ती ठेवायला कँटीनमधली टेबलं बाहेर काढावी लागली. पहिला समारंभ एका शाळेच्या सभागृहात झाला, आणि बक्षीस काय, तर एक जुनी रेकॉर्ड सोनेरी रंगवून लाकडावर ठोकलेली. तिसऱ्या वर्षी ती रेकॉर्ड स्टेजवरच्या दिव्यांनी तापून कानासारखी दुमडली. म्हणून चौथ्या वर्षी पितळी तबकडी आली, तिच्याखाली नावाची पट्टी आली, आणि पट्टी कोरायला रेडिओच्या मागच्या गल्लीत माझे आजोबा होतेच. अकराव्या वर्षी दोन गाण्यांना सारखी मतं पडली तेव्हा तबकडी करवतीने मधोमध कापली तीही आजोबांनीच. सतराव्या वर्षापर्यंत बक्षीस फक्त गाणाऱ्याला मिळायचं. मागचे वाजवणारे जणू भिंतीतून वाजवत होते. मग बँडवाले भांड भांड भांडले आणि बँड जिंकला तर पट्टीवर सगळ्यांची नावं यायला लागली.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण तबकडीच्या इतिहासाचं समितीने छापलेलं जाडजूड पुस्तक आमच्या काउंटरवर असतं. त्या पुस्तकात पान एकशे बारावर एक खोटं छापलंय.

एकोणिसाव्या वर्षीची तबकडी 'पत्र्याचं छप्पर' या बँडला मिळाली. त्यांचं ते गाणं अजून लागतं. बसमध्ये लागतं, न्हाव्याकडे लागतं, माझी दाढ काढताना दंतवैद्याकडेसुद्धा लागलं होतं. तिघं वाजवतात आणि एक मुलगी गाते, आणि ती मुलगी म्हणजे माझी आत्या. पुस्तक म्हणतं: तिघांचा बँड, स्त्री-आवाज पाहुणीचा, नाव उपलब्ध नाही. पाहुणी म्हणे. ज्या पत्र्याच्या छपराखाली ते तालीम करायचे, ते छप्पर आमच्या दुकानाच्या मागच्या अंगणातलं आहे. पाहुणे होते ते बाकीचे तिघं.

आता आत्या मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवते. नाकावर माशी बसू देत नाही. ते गाणं लागलं की रेडिओ बंद करते, एवढंच.

यंदा पन्नासावं वर्ष. समितीने नव्या सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर पन्नास पितळी पट्ट्या लावायचं ठरवलं, एका वर्षाला एक, आणि काम अर्थातच आमच्याकडे आलं. टाइप केलेली यादी होती, प्रत्येक पानावर शिक्का. मी वाचत होते, बाबा साचे बघत होते. आजोबा खिडकीशी त्यांच्या खुर्चीत. हात थरथरायला लागल्यापासून चार वर्षं त्यांनी यंत्राला हात लावलेला नाही, पण दुपारी दुकानात येऊन बसतातच.

अठरापर्यंत आम्ही झपाट्याने आलो. एकोणीसला मी तीन नावं वाचली आणि थांबले.

बाबा म्हणाले, पुढचं. मी म्हटलं, पुढचं नाहीये, तेच तर. बाबांनी साच्यांवरून मान वर न करता दुकानाचा नियम ऐकवला, जो मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. "कागदावर आहे तेच पितळेवर. आपण कोरणारे, ठरवणारे नव्हे."

मी म्हटलं की कागद खोटा असला तर? बाबा म्हणाले, खोटा कागद लिहिणाऱ्याच्या डोक्यावर. मी आजोबांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते आणि रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मी सायकल काढून तडक आत्याकडे गेले. ती एका घामाघूम झालेल्या काकांना गाडी मागे घ्यायला शिकवत होती. मला मागच्या सीटवर कोंबलं आणि धडा चालूच ठेवला, त्यामुळे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गंभीर बोलणं मी धक्के खात खात ऐकलं. ती म्हणाली, त्या दिवशी स्टेजवर आम्ही चौघं उभे होतो. ड्रमवाल्याच्या हातात तबकडी दिली, त्याने पट्टी वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. कॅमेरे होते म्हणून मी हसत राहिले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी पट्टीवरून नावं उतरवून घेतली, रेकॉर्ड कंपनीने वर्तमानपत्रांवरून, आणि पुस्तकाने सगळ्यांवरून. तिने समितीला एक पत्र लिहिलं. उत्तर आलं की आमच्या नोंदीनुसार बँडमध्ये तीन सदस्य आहेत. त्यानंतर जो तो तिला पाहुणी म्हणून एका गाण्यापुरतं बोलवायला लागला. दोन वर्षांनी तिने गाणं सोडलं.

"बाई माणूस, कापलं नाव. संपलं," आत्या म्हणाली. मग तिने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला, कारण काका एका खांबाला भेटायला निघाले होते.

मी विचारलं, भिंतीवर नाव यावं असं वाटत नाही का? ती म्हणाली, मला काय फरक पडतो. पण उतरताना माझ्या हातातली यादी तिने मागून घेतली, एकोणीसवर बोट ठेवलं, आणि तीन नावं असलेली जागा दोनदा वाचली. फरक न पडणारा माणूस एकदाच वाचतो.

आमच्या दुकानात एकही कागद फेकत नाहीत. प्रत्येक वर्षाचे कागद टोकाला वाकवलेल्या एका तारेत टोचलेले, आणि तारा पोटमाळ्यावर ओळीने टांगलेल्या. दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून चढले. खोकत, शिंकत, एकतीस वर्षांपूर्वीची तार शोधली. समितीचं पत्र तिच्यात मधोमध होतं.

त्यावर चार नावं होती.

चौथ्या नावावर निळ्या पेन्सिलीची सरळ रेघ होती. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: तीनच ओळी बसतात. फोन केला. अक्षर लहान करायचं नाही, कॅमेऱ्यात दिसलं पाहिजे म्हणाले. कोणतं वगळायचं विचारलं. तुम्हीच बघा म्हणाले. आणि खाली आजोबांची सही.

मी शिडीवरच बसून राहिले. समितीने आत्याला कापलं नव्हतंच. कोणतं नाव गेलं याचा समितीला बिचारीला पत्तासुद्धा नव्हता.

खाली आले तेव्हा बाबा काउंटरपाशी होते. कागद पाहून ते काही विचारण्याच्या भानगडीत पडले नाहीत, आणि त्यावरून मला कळलं की त्यांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षांचे होते तेव्हा ते. वाचायचं काम तेव्हा त्यांच्याकडे होतं. त्यांनी चार नावं मोठ्याने वाचली होती, आणि आजोबांनी तीनच कोरली होती.

"मग कागदावर आहे तेच पितळेवर, ते तेव्हा का नाही?" मी विचारलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, त्या दिवसानंतरच तो नियम केला. मी म्हटलं, नियम करून आत्याला काय मिळालं? ते म्हणाले, आपलेच दात, आपलेच ओठ, काय करणार. मी म्हटलं, चावले गेले ते ओठ मात्र आत्याचेच. आधीची म्याऊ असं बोलली नसती. आधीच्या म्याऊने कागद परत तारेला टोचला असता आणि जेवायला बसली असती.

आजोबा खुर्चीतून म्हणाले, इकडे आण. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला. मग सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, की बाकीच्या तिघांपैकी कुणाचंही नाव गाळलं असतं तर तो दारात येऊन तमाशा करणार, दुकानाचं नाव जाणार. ही घरची. घरचं माणूस समजून घेईल असं वाटलं. समारंभ झाला की स्वतःहून बारीक अक्षरात नवी पट्टी करून देऊ असंही ठरवलं होतं. पण ती घरी आली ती समितीवरच चिडलेली, आणि मग सांगायचं राहिलं.

"एकतीस वर्षं राहिलं?" मी म्हटलं.

"एक दिवस राहिलं की पुढचे आपोआप राहतात," आजोबा म्हणाले. मग म्हणाले, तिला बोलाव. मीच सांगतो.

पण त्याआधी शनिवार उजाडला आणि समितीचे चिटणीस आले. उंच, नेटके, खिशाला तीन पेनं. एकोणपन्नास पट्ट्या मऊ कापडात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. त्यांनी मोजल्या आणि एकोणिसावी कुठंय विचारलं. मी त्यांच्यापुढे जुना कागद ठेवला. त्यांच्याच समितीचा शिक्का, त्यांच्याच समितीची सही, चार नावं.

चिटणिसांनी कागद वाचला, आणि खरं सांगायचं तर ते क्षणभर गडबडले. पण मग सावरून म्हणाले की यादी मंजूर झाली आहे, पुस्तक छापून झालं आहे, चार मिलिमीटरच्या अक्षरात तीनच ओळी बसतात आणि भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या एकसारख्या हव्यात. इतिहासात असं मागे जाऊन ढवळाढवळ करता येत नाही. मी म्हटलं, ढवळलं आम्हीच होतं, तुम्ही फक्त प्यायलात. बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले, पण ओठ दाबून धरले होते, हसू येऊ नये म्हणून.

चिटणीस बाबांना म्हणाले की मुलीचं सोडा, तुम्ही जबाबदार माणूस आहात, तीन ओळी कोरून द्या, नाहीतर पुढल्या वर्षापासून तबकडी दुसरीकडे जाईल. हे ते अगदी सौम्यपणे म्हणाले. सत्तेचाळीस वर्षांचं काम त्यांनी एका वाक्यात टेबलावर ठेवलं आणि वर पेन ठेवलं.

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली, अगदी किंचित.

"दुकानाची चूक दुकान दुरुस्त करतं," बाबा म्हणाले. "त्याला गिऱ्हाइकाची परवानगी लागत नाही. या एकोणपन्नास घेऊन जा. एकोणिसावी चार ओळींचीच होईल."

चिटणीस गेले. जाताना म्हणाले, ती जागा रिकामी राहील, कारण अशी अक्षरं दुसऱ्या कुणाकडे नाहीत. ते खरं होतं. आमचे साचे आजोबांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने कापलेले आहेत, आणि त्यांच्या अक्षरांची शेपटी जराशी वर वळते.

संध्याकाळी आत्या आली. ड्रायव्हिंग शाळेची गाडी दारात तिरपी लावून, वर 'शिकाऊ' अशी पाटी तशीच. आजोबांनी तिला समोर बसवलं आणि कागद हातात दिला. रेघ माझी आहे, एवढंच म्हणाले.

आत्याने रेघ पाहिली, बाजूचं बारीक अक्षर वाचलं. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. तिने कागदाची घडी घातली, परत उलगडली.

"एकतीस वर्षं मी चुकीच्या पत्त्यावर भांडले, अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही रोज माझ्यासमोर जेवायला बसायचात."

आजोबा म्हणाले, हो. त्यांनी माफी मागितली नाही. बहुतेक मागायची लाज वाटली. तिनेही दिली नाही. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली. मी मागोमाग जाणार होते, बाबांनी माझी वेणी धरून मला थांबवलं. बऱ्याच वेळाने ती आत आली. तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "कोरा तर मग. पण वाचणार मी."

यंत्राला दोन हात असतात. एका हाताची सुई मोठ्या साच्याच्या खोबणीतून फिरवायची, की दुसऱ्या हाताचं पातं तेच अक्षर पितळेवर लहान करून कापतं. बाबांनी खिट्ट्या सरकवून अक्षर साडेतीन मिलिमीटरवर आणलं. सुई माझ्या हातात दिली. आजोबा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि त्यांचा थरथरता पंजा माझ्या मनगटावर ठेवला. गंमत म्हणजे, ठेवल्यावर तो थरथरला नाही.

आत्याने कागद डोळ्यांसमोर धरला आणि आधी त्या तिघांची नावं वाचली, उलटी, शेवटच्या अक्षरापासून. मग स्वतःचं. एकेक अक्षर सुटं, खणखणीत, ज्याला त्याला त्याची पूर्ण जागा देत. मला इतके दिवस वाटायचं की माझा आवाज कुठून आला कोण जाणे. त्या संध्याकाळी पत्ता लागला.

पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. आमंत्रण आम्हाला पूर्वीच आलेलं, ते परत घ्यायला ते विसरले असावेत. काळ्या दगडाची भिंत, पाच रांगा, दहा दहा पट्ट्या, आणि दुसऱ्या रांगेत नववी जागा दात पडल्यासारखी रिकामी. चार भोकं मात्र पाडून ठेवलेली. मापं आमचीच होती.

माझ्या दप्तरात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली पट्टी होती, पितळी स्क्रू होते आणि बाबांचा पेचकस होता. शेजारी आत्या, तिच्या शेजारी ड्रमवाले काका. आत्याने त्यांना एकतीस वर्षांनी फोन केला होता. ते टक्कल आणि दोन नातवंडं घेऊन आले. आजोबा बाबांच्या दंडाला धरून.

चिटणीस माइकवर पुरस्काराचा इतिहास सांगत होते. पोस्टकार्डं, कँटीनची टेबलं, दुमडलेली रेकॉर्ड. छान सांगत होते, खोटं कशाला बोला. मग म्हणाले की ही भिंत म्हणजे आपल्या संगीताची संपूर्ण नोंद आहे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच मी भिंतीपाशी गेले. लपतछपत नाही, सगळ्यांच्या समोरून. आत्याने पट्टी भोकांवर धरली. पहिला स्क्रू फिरवताना माझा हात घसरला आणि आत्या कानाशी म्हणाली, "क्लच हळू सोड, भोंग्या." दुसरा नीट बसला. तोपर्यंत टाळ्या थांबल्या होत्या आणि कॅमेरे आमच्याकडे वळले होते. एक रखवालदार पुढे आला. ड्रमवाले काका त्याच्या वाटेत उभे राहून त्याला आपल्या नातवंडांची ओळख करून द्यायला लागले.

तिसरा स्क्रू. चौथा.

चिटणीस माइक हातात घेऊनच आले. जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले की अक्षरं लहान झाली आहेत.

"साडेतीन मिलिमीटर आहेत," मी म्हटलं. माझं बोलणं माइकमधून सगळ्या सभागृहात गेलं, पण माइक नसता तरी गेलं असतं. "तुम्हाला वाचता येतात का?"

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. एकदा कॅमेऱ्यांसाठी हसली होती, तेवढं पुरे झालं होतं.

"येतात," ते म्हणाले.

"मग वाचा ना. मोठ्याने."

चिटणिसांनी माइक दुसऱ्या हातात घेतला, घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सुलट वाचत होते, पण त्यांना काय माहीत. मी आणि आजोबा ओठांतल्या ओठांत चौथ्या ओळीपाशी आधीच जाऊन थांबलो होतो, आणि ते तिथे पोचेपर्यंत आम्ही दोघांनीही श्वास सोडला नाही.